सर्किटमध्ये रेडिओ वारंवार ‘जातो’: आधी काय तपासायचं आणि धावपट्टीजवळ काय करायचं नाही

समस्या अशी आहे. विमान तेच, तक्रारही तीच. सर्किटला, म्हणजे धावपट्टीभोवती ठरलेल्या चौकोनी फेऱ्या मारायला, गेलेला विद्यार्थी सांगतो की मध्येच टॉवरचा आवाज येईना, किंवा मी बोललो ते टॉवरला पोचलंच नाही. उतरल्यावर इंजिनियर हँगरसमोर रेडिओ लावून बघतो तर खणखणीत चालतो. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या वहीत, ‘तपासले, समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि दोन दिवसांनी त्याच विमानात दुसऱ्या कोणाचा तरी रेडिओ ‘जातो’.

नाशिकची बरीच मुलं हल्ली धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती इथे उडायला शिकतात. सुट्टीत घरी आली की हा विषय हमखास निघतो. संवाद ठरलेला असतो. “सर, रेडिओ गेला होता.” “गेला म्हणजे नेमकं काय झालं?” यावर शांतता. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रशिक्षणात ज्याला आपण रेडिओ फेल्युअर म्हणतो, त्यात बहुतेक वेळा रेडिओचा डबा ठणठणीत असतो. दोष असतो जॅकमध्ये, बटणात, वायरीत, नाहीतर आपल्याच बोटांत. दिवसा, स्वच्छ हवेत, ओळखीच्या मैदानावर नुसती शांतता फारशी धोक्याची नसते. त्या शांततेत आपण धावपट्टीबद्दल काय गृहीत धरतो, तिथे खरा घोळ होतो.

ऐकू येत नाही की ऐकवता येत नाही?

पहिला प्रश्न हाच. या दोन वेगळ्या बिघाडांची औषधंही वेगळी आहेत, तरी दोन्हींसाठी ‘गेला’ हा एकच शब्द वापरला जातो.

रेडिओच्या पडद्याकडे बघा. बोलण्याचं बटण, म्हणजे पीटीटी, दाबल्यावर बहुतेक डिजिटल रेडिओवर टीएक्स किंवा नुसतं टी असं चिन्ह उमटतं. दाबूनही ते उमटत नसेल तर बटण किंवा त्याची वायर बघायची. चिन्ह उमटतंय पण टॉवर म्हणतोय की नुसती कॅरियर, म्हणजे मोकळी रेडिओ लहर येते, आवाज नाही, तर माइकचा जॅक पूर्ण आत गेलेला नाही किंवा माइकच मेलाय. विमानाच्या हेडसेटला दोन जॅक असतात, एक जाड आणि एक बारीक. बारीक तो माइकचा. तो अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला तरी ऐकू सगळं येतं आणि बोललेलं मात्र कुठेच पोचत नाही. ढकलून चालत नाही, ढकलून किंचित फिरवायचा. खट्ट झालेलं बोटाला कळतं.

उलट बाजूला, आरएक्स चिन्ह लागतंय आणि कानात काही नाही, याचा अर्थ रेडिओला ऐकू येतंय, तुम्हाला येत नाही. हेडसेटचा आवाज, रेडिओचा आवाज, ऑडिओ पॅनेलवर कॉम १ (पहिला रेडिओ) दाबलेलं आहे की कॉम २ (दुसरा), एवढंच बघा. चिन्हही लागत नसेल तर स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी गाळणी, उघडा. सूं असा आवाज आला तर रिसीव्हर आणि हेडसेट दोन्ही जिवंत आहेत. मग फ्रिक्वेन्सीचे आकडे एकेक करून वाचा. ओठ हलवत, मोठ्याने. नजरेने वाचलं तर मेंदू त्याला हवे तेच आकडे दाखवतो.

चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बसलेल्या माणसाला आपण बिघाडात आहोत हे कळतच नाही. त्याला वाटतं, आज सर्किटमध्ये कोणी नाही, काय मस्त शांत आहे! हे मला सगळ्यात घातक वाटतं. मुळावरचा उपाय साधा आहे: फ्रिक्वेन्सी बदलली आणि मिनिटभर एकही आवाज आला नाही, की रेडिओ चेक मागायचा. लाजायचं कशाला?

वळताना तुटतो

वारंवार येणाऱ्या आणि हँगरसमोर कधीच न सापडणाऱ्या दोषाचं हे माझ्या यादीत पहिलं कारण.

सेसना या शिकवण्याच्या लहान विमानाचं पीटीटी योकवर, म्हणजे हातातल्या स्टिअरिंगवर, असतं आणि त्याची वायर योकबरोबर हलते. एक विद्यार्थी उतरला की दुसरा बसतो, दिवसभर सर्किट. प्रत्येक वळणाला, प्रत्येक फ्लेअरला (टेकण्याआधी नाक वर घेताना) ती वायर वाकते. काही महिन्यांनी आतली तार पिचते, पण पूर्ण तुटत नाही. योक मधोमध असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. योक डावीकडे फिरला की सुटतात. म्हणजे डाउनविंडचा (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जातानाचा) कॉल व्यवस्थित जातो आणि बेसला (धावपट्टीकडे येणाऱ्या आडव्या बाजूला) वळतानाचा अर्धवट कापला जातो. इंजिनियर जमिनीवर योक सरळ धरून बटण दाबतो तेव्हा सगळं उत्तम.

तपासणी सोपी आहे. इंजिन सुरू झाल्यावर रेडिओ चेक करताना योक पूर्ण डावीकडे धरून बोला, मग पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण मागे ओढून. बोलताना नजर टीएक्स चिन्हावर ठेवा. लुकलुकलं तर चोर सापडला.

वळताना आवाज जाण्याचं दुसरंही कारण असतं. अँटेना छपरावर असतो आणि विमान कललं की तो टॉवरपासून झाकला जातो. पण हे लांबवर किंवा फार खालून उडताना होतं, सर्किटमध्ये सहसा नाही. आणि जमिनीवर योक फिरवून हा दोष कधीच दिसणार नाही. एवढ्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात.

पावसाळ्यात यात अँटेनाच्या केबलची भर पडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवा, त्यात विमान उघड्यावर उभं. कनेक्टरमध्ये ओल शिरते, हिरवट गंज चढतो. लक्षण असं की जवळून छान, दहा-पंधरा मैलांवर गेलं की खरखर. या रेडिओला समोरासमोर सरळ रेषा लागते. सपाट मुलखात १००० फुटांवरून साधारण ३९ सागरी मैलांपर्यंत ती रेषा मिळायला हवी. त्याच्या निम्म्यातच आवाज मरत असेल तर दोष ‘अंतर जास्त होतं’ म्हणून सोडून देऊ नका. मात्र अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या डोंगरांआड खाली उतरलात तर चांगला रेडिओही गप्प बसेल. तिथे ढग आणि हवाई हद्द बघून वर चढणं हाच उपाय.

अडकलेलं बटण

पीटीटी दाबलेलंच राहिलं तर तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, आणि तुमच्या फ्रिक्वेन्सीवरच्या बाकीच्यांनाही टॉवर धड ऐकू येत नाही. तुमच्या कॉकपिटमधल्या गप्पा मात्र सगळ्यांना ऐकू जातात, हा वेगळा कार्यक्रम. वाटतं रेडिओ गेला. प्रत्यक्षात तुम्ही सगळ्यांचा घालवलेला असतो.

टीएक्स चिन्ह बटण सोडूनही जळतंय का बघा. बटण चार-पाच वेळा टकटक दाबून सोडा. उजव्या सीटचं पीटीटी बघा, कारण सोलोत, म्हणजे एकट्याने उडताना, तिथे कोणी नसलं तरी बटण असतंच. हँड माइक दोन सीटच्या फटीत रुतून दाबला गेलाय का बघा, हे फार वेळा निघतं. काहीच सुटलं नाही तर तो रेडिओ बंद करा. बऱ्याच नव्या रेडिओंत साधारण अर्ध्या मिनिटानंतर प्रक्षेपण आपोआप थांबतं, पण टॉवरला तेवढ्यात कोणाला तरी ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर जा, असं सांगायचं असू शकतं.

दोघे एकाच वेळी बोलले तर काय होतं, याचं उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात कोरलेलं आहे. २७ मार्च १९७७, टेनेरिफ, दाट धुकं. टॉवर केएलएमच्या जंबोला सांगत होता की थांबा, टेक-ऑफसाठी मी बोलावतो. त्याच क्षणी पॅनॅमचं जंबो सांगत होतं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये उरली फक्त एक शिट्टी. ५८३ माणसं गेली. रेडिओ तिथे कोणाचाच बिघडला नव्हता. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, ही शिस्त आली. आरटीआरच्या, म्हणजे रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेच्या, तयारीत मुलं हे पाठ करतात. कशापायी आलं ते विचारलं की गप्प.

दाबलं की पडदा विझतो

ऐकू नीट येतं, पण बोलायला बटण दाबलं की पडदा क्षणभर विझून परत उजळतो. ही रेडिओची तक्रार नाही, विजेची आहे. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला बरीच. अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) केव्हाच गेलेला असतो आणि बॅटरी शेवटच्या घटका मोजत असते. लो व्होल्ट्सचा दिवा किंवा अ‍ॅमीटरचा उणे काटा आधीपासून सांगत असतो, पण सर्किटमध्ये आपण बघतो वेग आणि उंची.

तुमच्या विमानाच्या चेकलिस्टप्रमाणे अल्टरनेटर पुन्हा सुरू करून बघा. नाही झाला तर अनावश्यक वीज बंद करा आणि उतरायला चला. इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःच ठिणगी देणाऱ्या वेगळ्या यंत्रावर, चालतं, ते थांबणार नाही. पण आपल्याकडच्या सेसना १५२ आणि १७२ चे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तर फ्लॅपविना उतरावं लागेल. विमान जास्त तरंगेल, धावपट्टी जास्त खाईल. अशा वेळी फायनल (धावपट्टीच्या रेषेतली शेवटची बाजू) लांब आणि सपाट घ्या, वेग पुस्तकात फ्लॅपविना दिलाय तो ठेवा, आणि टेकायची जागा चुकली तर गो-अराउंड. बॅटरीत थोडा जीव आहे तोवर फ्लॅप घ्यायचे की रेडिओवर एक कॉल द्यायचा? मी कॉल देईन. फ्लॅपविना उतरण्याचा सराव सगळ्यांचा झालेला असतो.

हवेत असताना

विमान उडवत राहा. हे सांगावं लागतं, कारण जॅक शोधायला खाली वाकलेली मुलं दोनशे फूट घालवून वर येतात. सर्किटमध्ये असाल तर सर्किट सोडू नका. टॉवरला तुम्ही कुठे असणार हे माहीत असणं हीच तुमची मोठी शिदोरी.

ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा आकडा कळवणाऱ्या यंत्रावर) ७६००, हा रेडिओ बिघाडाचा आकडा, लावा. पण ते लावलं म्हणजे टॉवरला कळलं असं धरून चालू नका. रडार नसलेल्या लहान मैदानावर तो आकडा बघणारं कोणी नसतं. ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ म्हणून आपली जागा आणि इरादा दोनदा सांगा. कदाचित तुमचा फक्त रिसीव्हर गेलाय. टॉवरला शंका आली तर तो तुम्हाला एखादं वळण घ्यायला किंवा पंख हलवायला सांगून ऐकू येतंय का ते ताडतो, म्हणून आवाज तुटक असला तरी कान देत राहा.

क्रॉस-कंट्रीला (दुसऱ्या मैदानापर्यंतच्या लांब उड्डाणाला) नाशिककडे येत असाल तर नियम आणखी कडक. नियंत्रित हद्दीत शिरण्याआधी रेडिओ गेला तर शिरायचं नाही. हवा स्वच्छ असेल तर मागे फिरा किंवा जवळच्या योग्य मैदानावर उतरा. ओझरच्या, म्हणजे नाशिक विमानतळाच्या, धावपट्टीवर एचएएलची लढाऊ विमानं चाचणीला उडतात: सुखोई होतीच, २०२५ च्या ऑक्टोबरपासून तेजस आणि प्रशिक्षणाच्या एचटीटी-४० च्या उत्पादनाचीही भर पडली आहे. शिवाय प्रवासी विमानं. तुम्ही ६५ नॉट्सने फायनलवर रांगत असता तेव्हा मागून येणारा दुपटीहून जास्त वेगात असतो. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं शिकतात, देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो. बोलता येत नसताना त्या बाजूला भटकणं म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणं. निघण्याआधी नकाशावर परतीच्या खुणा ठरवून ठेवा. गंगापूर धरण, गोदावरी आणि मुंबई-आग्रा महामार्ग वरून ओळखायला सोपे आहेत.

टॉवरचे दिवे. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, परवानगी पुढे मिळेल. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे मैदान असुरक्षित, उतरू नका. लुकलुकता पांढरा म्हणजे इथेच उतरा आणि एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) या. कळलं हे सांगायला दिवसा पंख हलवायचे, पण बेस आणि फायनलवर नाही.

हे परीक्षेला सगळ्यांना येतं. दिवा दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा झोत अरुंद असतो आणि दुपारच्या उन्हात फिका पडतो. सेसनाचे पंख वर असल्याने डावीकडे वळताना डावा पंख खाली येऊन नेमका टॉवर झाकतो. म्हणून डाउनविंडला सरळ असताना आणि बेसवर पंख समतल झाल्यावर मुद्दाम दोन-तीन सेकंद टॉवरकडेच बघायचं. एखाद्या निवांत दुपारी इन्स्ट्रक्टरमार्फत टॉवरला विनंती करून दिवे प्रत्यक्ष बघून घ्या.

धावपट्टी

आता मुख्य मुद्दा. रेडिओ गेलेला माणूस हवेत सावध असतो, जमिनीवर चाक टेकलं की सुस्कारा सोडतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, रेडिओ गेला तर होल्डिंग पॉइंटच्या (धावपट्टीत शिरण्याआधीच्या थांब्याच्या) अलीकडे थांबा. तिथे पिवळ्या रंगात दोन सलग आणि दोन तुटक रेघा असतात. सलग रेघा तुमच्या बाजूला असतील तर त्या परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. ‘मघाशी लाइन अप (धावपट्टीवर येऊन उभे राहा) म्हणाले होते बहुतेक’ हे ‘बहुतेक’ चालत नाही. परवानगी ऐकली आणि रीडबॅक, म्हणजे ती परत म्हणून दाखवणं, पुरा होण्याआधी आवाज गेला, तर परवानगी मिळालीच नाही असं धरा. जमिनीवर स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टीपासून दूर व्हा, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा. स्थिर हिरवा म्हणजे टेक-ऑफची परवानगी. पण जमिनीवरच रेडिओ गेलेला असताना प्रशिक्षणाच्या विमानाने तो दिवा घेऊन उडायचं कशाला? विमान परत न्या.

रेडिओ चालू असतानाही हे होतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचं लहान विमान, आपल्याला परवानगी आहे असं समजून, धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. त्याला होल्डिंग पॉइंटपर्यंत यायला आणि तुमचा क्रमांक पहिला एवढंच सांगितलं होतं. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए३५० त्यावर आदळलं. मोठ्या विमानातले ३७९ जण वाचले, लहान विमानातल्या ६ पैकी ५ गेले.

समांतर टॅक्सीवे नसलेल्या लहान मैदानांवर धावपट्टीवरूनच मागे यावं लागतं, ज्याला आपण बॅकट्रॅक म्हणतो. तिथे रेडिओ गेला तर तुम्ही धावपट्टीच्या मधोमध, फायनलवरून येणाऱ्याच्या समोर आणि बहिरे. दिवे सगळे लावा, रमतगमत नको, जवळच्या वाटेने बाहेर पडा. बाहेर म्हणजे शेपटीसकट पूर्ण विमान रेघेच्या पलीकडे. नाक बाहेर आणि शेपूट आत, असं थांबून जॅक तपासणारे महाभाग असतात. रेघ पूर्ण ओलांडून, ब्रेक लावून, मग तपासा.

टॉवर नसलेल्या किंवा त्या वेळी बंद असलेल्या मैदानावर धावपट्टीवर शिरण्याआधी विमान थोडं तिरकं उभं करून दोन्ही टोकांच्या फायनलकडे बघा. वारा उलटलेला असू शकतो आणि समोरच्याचा रेडिओ तुमच्यासारखाच गेलेला असू शकतो. १४० नॉट्सचं विमान दोन सागरी मैल साधारण ५१ सेकंदांत कापतं. तुम्ही लाइन अप होऊन शेवटची तपासणी करेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

टेक लॉगमध्ये काय लिहायचं

‘रेडिओ चालत नाही’ एवढं लिहिलंत तर इंजिनियर तरी काय करणार? तो लावून बघतो, चालतो, शेरा मारतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

लिहा: कॉम १ की २, डावी सीट की उजवी, बोलताना की ऐकताना, टीएक्स चिन्ह लागत होतं का, सरळ उडताना की वळताना, कोणत्या बाजूला, टॉवरपासून किती लांब, किती उंचीवर, लो व्होल्ट्सचा दिवा, पाऊस होता का, आणि हेडसेटचा क्रमांक. शाळेचे हेडसेट सगळे वापरतात, वायरीला धरून ओढून काढतात, आणि दोष विमानाच्या नावावर जमा होतो. म्हणून उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी, एप्रनवर उभे असताना दोन अदलाबदली करून बघा. आधी हेडसेट बदला. दोष हेडसेटबरोबर गेला तर विमान निर्दोष. मग ऑडिओ पॅनेलवर दुसरा रेडिओ निवडा. दोन्ही रेडिओंवर दोष कायम राहिला तर रेडिओ बदलण्यात पैसे घालू नका, वायर, बटण आणि ऑडिओ पॅनेल बघा. दुसऱ्या रेडिओवर दोष नाहीसा झाला तर पहिला रेडिओ किंवा त्याचा अँटेना बघा.

तोच शेरा लागोपाठ तिसऱ्यांदा पडलेला दिसला, तर डिस्पॅचला (शाळेत विमानं वाटून देणाऱ्यांना) सांगून ते विमान सोलोच्या यादीतून काढायला लावा. इन्स्ट्रक्टर बरोबर असताना योक फिरवत, लांब जाऊन, पावसानंतर, असं मुद्दाम दोष दिसेपर्यंत तपासून मगच ते परत सोलोला द्यायचं.